लायसन रिन्यू करायचंय? काय दुसऱ्याकडून चालेल आणि काय स्वतःच करावं लागेल



आपल्या गटांमधल्या कितीतरी जणींच्या दारात आता स्कूटी उभी असते. कुणी गटाच्या कर्जातून घेतलेली, कुणी मुलीच्या कॉलेजसाठी घेऊन मग स्वतःच शिकलेली. बँकेत पासबुक भरायला, डेअरीला दूध घालायला, तालुक्याच्या बाजारात पापड-मसाले पोचवायला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला, सगळ्याला तीच गाडी. गाडीचा हप्ता कोणत्या तारखेला आहे हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण "ताई, तुमच्या लायसनची मुदत कधीपर्यंत आहे?" असं बैठकीत विचारलं, की सगळ्या एकमेकींकडे बघतात. "एकदा काढलंय ना, आता कायमचंच असेल की" असं म्हणणाऱ्याही भेटतात.

लायसन कायमचं नसतं. ते रिन्यू म्हणजे नूतनीकरण करून घ्यावं लागतं. आणि मग पुढचा प्रश्न येतो: "त्यासाठी आपण स्वतः जायलाच पाहिजे का? मिस्टरांना किंवा एजंटला पाठवलं तर चालत नाही का?"

थोडक्यात उत्तर असं. फॉर्म भरणं, कागद अपलोड करणं, फी भरणं ही कामं तुमच्यासमोर बसून कुणीही करून देऊ शकतं. पण ओटीपी देणं, डॉक्टरांकडून तपासून घेणं, आणि गरज पडली तर आरटीओत फोटो-सही व गाडी चालवण्याची चाचणी देणं ही कामं तुमचीच. ती दुसऱ्याच्या हातात दिली की अडचणी सुरू होतात. आता एकेक गोष्ट सविस्तर बघू.

आधी तारीख बघा

लायसनचं कार्ड हातात घ्या. त्यावर 'व्हॅलिडिटी' किंवा 'व्हॅलिड टिल' या शब्दांपुढे तारीख असते. 'एनटी' लिहिलेली तारीख घरच्या वापराच्या गाडीसाठी, म्हणजे आपल्या स्कूटी किंवा कारसाठी. 'टीआर' लिहिलेली तारीख भाड्याने चालवायच्या गाडीसाठी, म्हणजे रिक्षा, टेम्पो वगैरेसाठी. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर मुलांना विचारा, लाजू नका.

मुदत किती मिळते ते लायसन काढताना किंवा रिन्यू करताना तुमचं वय किती होतं यावर ठरतं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला. तेव्हापासून घरच्या गाडीच्या लायसनसाठी हिशोब असा आहे:

• वय 30 पेक्षा कमी असेल तर 40 वर्षं पूर्ण होईपर्यंत.
• वय 30 ते 50 च्या दरम्यान असेल तर 10 वर्षं.
• वय 50 ते 55 च्या दरम्यान असेल तर 60 वर्षं पूर्ण होईपर्यंत.
• वय 55 च्या पुढे असेल तर 5 वर्षं.

रिक्षा-टेम्पोच्या लायसनची मुदत साधारण 5 वर्षं असते.

ज्यांचं लायसन 2019 च्या आधीचं आहे त्यांनी जास्त लक्ष द्या. तेव्हा नियम वेगळा होता: 20 वर्षं किंवा वयाची 50 वर्षं, यातलं जे आधी येईल ते. समजा एका ताईंनी 2010 मध्ये वयाच्या 35 व्या वर्षी लायसन काढलं. त्यांना वाटतं 20 वर्षं म्हणजे 2030 पर्यंत चालेल. पण 2025 मध्ये त्यांना 50 वर्षं पूर्ण झाली आणि लायसनची मुदत तिथेच संपली. पन्नाशीच्या आसपासच्या सगळ्या ताई, मावशींनी आजच कार्ड काढून बघा.

'एक वर्षाची सवलत' म्हणजे नक्की काय?

इथे फार मोठा गैरसमज आहे. "मुदत संपली तरी एक वर्ष चालतं" असं गावात सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

कायद्याप्रमाणे मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून ते मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत रिन्यूचा अर्ज करता येतो. म्हणजे एक वर्ष मिळतं ते अर्ज करण्यासाठी. त्या वर्षात गाडी चालवायची परवानगी मिळत नाही. पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवस लायसन चालायचं, आता तेही नाही. तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनालायसन गाडी चालवताय असंच धरलं जातं.

आणि ते एक वर्षही उलटून गेलं, तर नुसत्या अर्जावर लायसन रिन्यू होत नाही. आरटीओत जाऊन गाडी चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पंधरा वर्षं रोज गाडी चालवणाऱ्या बाईलाही. ही चाचणी तुमच्या जागी दुसरं कुणीही देऊ शकत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे: मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी अर्ज करा. कागदात काही चूक निघाली तर दुरुस्त करायला वेळ हातात राहतो, आणि मधले दिवस गाडी बंद ठेवावी लागत नाही.

एवढं काय बिघडतं?

"आम्ही गावातल्या गावात चालवतो, पोलीस कुठे येतात?" असंही ऐकायला मिळतं. पोलिसांचा दंड ही यातली छोटी गोष्ट आहे. तसा तोही छोटा नाही. लायसन नसताना गाडी चालवली तर 5,000 रुपये दंड आहे. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

खरा प्रश्न अपघात झाला तर येतो. गाडीच्या विम्यात मालकाने स्वतः गाडी चालवताना अपघात झाला तर 15 लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. त्यासाठी आपण दरवर्षी वेगळे पैसे भरतो, पावतीवर बघा. पण त्याची अट अशी, की अपघाताच्या दिवशी चालवणाऱ्याकडे चालू मुदतीचं लायसन हवं. मुदत संपलेली असेल तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे हप्ता वेळेवर भरलेला, विमाही भरलेला, आणि एका तारखेमुळे घरच्यांच्या हातात काहीच नाही.

आपल्या गाडीची धडक बसून दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर विमा कंपनीने त्यांना दिलेली भरपाई नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याचे आदेश होऊ शकतात. अशा वेळी बचत, दागिने, शेत सगळ्यावर येतं. गटाचं कर्ज डोक्यावर असताना ही वेळ कुणावर येऊ नये.

अजून एक. बऱ्याच गाड्या ताईंच्या नावावर असतात आणि चालवतात घरातले दुसरेच. गाडी तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही लायसन नसलेल्या माणसाला ती चालवायला दिली, तर मालक म्हणून तुमच्यावरही 5,000 रुपयांपर्यंत दंड बसू शकतो. 18 वर्षांखालच्या मुलाने चालवली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी कायद्यात तरतूद आहे. म्हणून स्वतःचं कार्ड बघताना मिस्टरांचं आणि मुलांचंही बघा.

घरबसल्या रिन्यू कसं करायचं

ज्यांच्या लायसनची नोंद संगणकावर आहे, मुदत संपून एक वर्ष झालेलं नाही आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे, त्यांचं काम बहुतेक वेळा आरटीओत न जाता होतं. केंद्र सरकारने 2021 पासून लायसनच्या बऱ्याच सेवा आधारच्या आधारे ऑनलाईन केल्या आहेत. पद्धत अशी:

1. 'परिवहन' या सरकारी वेबसाईटवर 'सारथी' नावाचा भाग आहे. तिथे महाराष्ट्र राज्य निवडायचं. वेबसाईटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते आधी बघा. दिसायला तशाच खोट्या वेबसाईट असतात.

2. लायसनच्या सेवांमध्ये जाऊन लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकायची. तुमची माहिती समोर येते. नाव, पत्ता, जन्मतारीख नीट वाचा.

3. सेवांच्या यादीतून नूतनीकरण निवडायचं. आधारची पडताळणी होते. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकायचा.

4. प्रकृती ठीक असल्याचं स्वतःचं घोषणापत्र द्यायचं, त्याला फॉर्म 1 म्हणतात. वय 40 च्या पुढे असेल किंवा रिक्षा-टेम्पोचं लायसन असेल तर डॉक्टरांचा दाखलाही लागतो, तो फॉर्म 1-ए.

5. सांगितलेले कागद अपलोड करून फी ऑनलाईन भरायची. केंद्राच्या नियमाप्रमाणे नूतनीकरणाची फी 200 रुपये आणि स्मार्ट कार्डाचे 200 रुपये आहेत. त्यात टपाल वगैरेची थोडी भर पडते. मुदत संपून गेली असेल तर उशिराची जादा फी लागते. एकूण किती ते पैसे भरण्याआधी स्क्रीनवर दिसतं.

6. अर्ज क्रमांक आणि पावती मिळते. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढे अर्ज कुठपर्यंत आला हे त्यावरच कळतं.

मंजुरी झाली की नवीन कार्ड टपालाने घरी येतं. कार्ड यायला वेळ लागला तरी डिजीलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये रिन्यू झालेलं लायसन दिसायला लागलं, की ते दाखवलेलं पोलिसांना चालतं. पण कार्डाचा मोबाईलमध्ये काढलेला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. आणि नुसता अर्ज केला म्हणजे लायसन रिन्यू झालं असं समजू नका.

आरटीओत कधी जावंच लागतं?

• मुदत संपून एक वर्षापेक्षा जास्त झालं असेल.
• लायसन जुन्या पुस्तिकेचं असेल आणि त्याची नोंद संगणकावर नसेल. अशा वेळी आधी ज्या कार्यालयाने ते दिलं तिथे नोंद चढवून घ्यावी लागते.
• आधारची पडताळणी होत नसेल. म्हणजे मोबाईल जोडलेला नाही, किंवा आधार आणि लायसनवरचं नाव वा जन्मतारीख जुळत नाही.

अशा वेळी फॉर्म आणि फी ऑनलाईनच करून पोर्टलवर भेटीची तारीख घ्यायची. जाताना मूळ लायसन, आधार, पावती, डॉक्टरांचा दाखला आणि सगळ्यांची झेरॉक्स बरोबर ठेवा. काही तालुक्यांच्या गावी आरटीओचं शिबिर ठरावीक दिवशी भरतं. जिल्ह्याला जायच्या आधी त्याची चौकशी करा, एक दिवसाची मजुरी आणि बसभाडं वाचेल.

दुसऱ्याची मदत घ्या, पण हे सांभाळा

मदत घेण्यात कमीपणा काही नाही. मुलगी, भाचा, सेतू किंवा सीएससी केंद्रातला माणूस, आपल्या ग्रामसंघाची बुककीपर, कुणीही फॉर्म भरून देऊ शकतं. फक्त तुम्ही शेजारी बसलेल्या पाहिजेत. "आधार आणि लायसन इथे ठेवून जा, आठ दिवसांनी या" असं कुणी म्हणालं तर तसं करू नका.

ओटीपी. ओटीपी म्हणजे तुमची सही समजा. कोणत्या कामाचा मेसेज आहे ते वाचून घ्या, आणि समोर बसूनच सांगा. फोनवर कुणालाच सांगू नका.

मोबाईल नंबर. यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. एजंट सोयीसाठी स्वतःचाच नंबर टाकतो. मग पुढचे सगळे मेसेज त्याला जातात, तुम्हाला काही कळत नाही, आणि दरवेळी त्याच्याकडेच जावं लागतं. लायसनच्या नोंदीत तुमचाच नंबर हवा. दुसऱ्याचा असेल तर सारथीवर तो बदलायची सोय आहे. आधारला नंबर जोडलेला नसेल तर आधार केंद्रात जा, किंवा पोस्टात विचारा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनकडेही ही सोय असते.

डॉक्टरांचा दाखला. "तुम्ही यायची गरज नाही, दाखला मी आणतो" असं एजंट म्हणाला तर नको म्हणा. चाळिशीनंतर नजर बदलते. संध्याकाळी समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यावर आला की रस्ता दिसेनासा होतो, असं कितीजणी सांगतात. ही तपासणी त्यासाठीच आहे. चष्मा लागला तर लागू दे, चष्मा लावून गाडी चालवता येते. शिवाय खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन आरटीओ रद्द करू शकतं, आणि त्रास एजंटला नाही, तुम्हाला होतो.

पैसे. सरकारी फी किती आणि त्याचे कामाचे पैसे किती, हे आधी वेगवेगळं विचारा. सरकारी फीची पावती तुमच्या हातात आलीच पाहिजे. पावतीवर आकडा चारशे-पाचशेचा आणि घेतले दोन हजार, असं असेल तर फरक कशाचा हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

व्हॉट्सॲपवरच्या फाईली. "तुमच्या गाडीचं चलन आलंय" किंवा "लायसन बंद होणार" असं लिहून 'एपीके' नावाची फाईल पाठवतात. ती उघडायची नाही. ती घेतली की फोनमधले मेसेज आणि ओटीपी चोरांना दिसतात आणि बँकेतले पैसे जातात. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

माहेरचं नाव, माहेरचा पत्ता

ही अडचण आपल्या बायकांचीच. लायसन लग्नाआधी काढलेलं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचा पत्ता. आधार लग्नानंतर बदललेलं, त्यावर सासरचं नाव. मग ऑनलाईन पडताळणीत दोन नावं जुळत नाहीत आणि अर्ज अडतो. मिस्टरांना वाटतं वेबसाईट बंद आहे, एजंट म्हणतो हजार रुपये जास्त लागतील. खरं कारण नावातला फरक असतो.

अशा वेळी नाव आणि पत्ता बदलण्याचा अर्ज सारथीवरच करता येतो. नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र, म्हणजे गॅझेट, असा पुरावा लागतो. पत्त्यासाठी आधारसारखा पत्त्याचा पुरावा. विवाह नोंदणीचा दाखला अजून काढला नसेल तर ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांना भेटा. तो दाखला पुढे दहा ठिकाणी उपयोगी पडतो.

नाव बदलायचं नसेल तर तीही तुमची मर्जी. लग्नानंतर नाव बदलायलाच पाहिजे असा कायदा नाही. फक्त आधार आणि लायसन दोन्हीकडे एकच नाव असू द्या.

पत्त्याकडे मात्र सगळ्यांनी लक्ष द्या. नवीन कार्ड टपालाने नोंदीतल्या पत्त्यावर जातं. तिथे जुना पत्ता राहिला तर कार्ड माहेरच्या गावी फिरतं, घेणारं कुणी नसलं की परत आरटीओकडे जातं, आणि मग ते आणायला तुम्हालाच फेरी मारावी लागते. अर्ज करतानाच पत्ता, पिनकोड तपासा, आणि गावच्या पोस्टमनला सांगून ठेवा.

पुढच्या बैठकीत एवढं करू या

पुढच्या मासिक बैठकीला गाडी चालवणाऱ्या प्रत्येकीने लायसन बरोबर आणायचं. एका वहीत चार रकाने आखा: नाव, मुदतीची तारीख, आधारला मोबाईल जोडलाय का, लायसनवरचं नाव-पत्ता आधारशी जुळतो का. ज्यांची तारीख येत्या सहा महिन्यांत आहे त्यांच्या नावापुढे खूण करा. ज्यांची तारीख उलटून गेली आहे त्यांची नावं सगळ्यात वर लिहा. वही सचिवांकडे ठेवा आणि दर तीन महिन्यांनी उघडून बघा. हप्ते चुकू नयेत म्हणून आपण एकमेकींना आठवण करतो ना, तशीच याचीही करायची.

ज्या गटात चार-पाच जणींचं काम एकदम निघेल त्यांनी मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना कळवा. एक दिवस ठरवून ग्रामसंघाच्या कार्यालयात लॅपटॉप घेऊन बसू. फॉर्म आम्ही भरून देऊ. फोन, आधार आणि लायसन घेऊन तुम्ही स्वतः या. आणि ज्यांच्या लायसनची मुदत आजच संपलेली आहे, त्यांनी त्या बैठकीला स्कूटी घेऊन येऊ नका. चालत या, नाहीतर मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून या.